दोन मीटरचं अंतर

आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना दगड मारावा लागत नाही. माणूस नुसता बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तरी ती शेपूट घालून पळतात. त्यांच्या लेखी वाकलेला माणूस म्हणजे दगड उचलणारा माणूस. लहानपणापासून हेच पाहत आलो. त्यामुळे जनावराने माणसाला घाबरायचंच, हा मला निसर्गाचा नियम वाटत होता.

तो नियम नाही, हे कळायला मला पॅसिफिक महासागरातल्या एका काळ्या बेटावर जावं लागलं.

मोठा भाऊ बरीच वर्षं अमेरिकेत असतो. त्याने गॅलापागोस बेटांच्या आठ दिवसांच्या जहाजसफरीचं ठरवलं आणि मलाही ओढून नेलं. खर्च सगळा त्याचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या पगारात ही सफर बसणारी नव्हती आणि पुढे पैशाचा मुद्दा येणार आहे. आमचं जहाज लहान होतं, सोळा प्रवाशांचं. तिथे शंभराहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला फिरायची परवानगीच नाही. आठ दिवसांपैकी एकाच दिवसाबद्दल लिहितो. तो दिवस अजून डोक्यातून गेलेला नाही.

आधी थोडं बेटांबद्दल. गॅलापागोस म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला, विषुववृत्तावर, ज्वालामुखींनी समुद्रातून वर आणलेली बेटं. ती मुख्य भूमीला कधीच जोडलेली नव्हती. तिथे जे पोचलं ते उडत, पोहत किंवा एखाद्या ओंडक्यावर तरंगत पोचलं. वाघ, लांडगा, कोल्हा यांच्यासारखा शिकारी प्राणी हा पल्ला पार करू शकला नाही. माणूसही उशिराच आला. १५३५ मध्ये पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा पेरूला निघाला असताना वारा पडला आणि त्याचं जहाज प्रवाहाबरोबर वाहत इथे आलं. त्याआधीच्या लाखो वर्षांत इथल्या जिवांनी जे जे काही शिकून घेतलं, त्यात माणसाची भीती नव्हती.

त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास जहाज फर्नांदिना बेटासमोर उभं होतं. या द्वीपसमूहातल्या मोठ्या बेटांपैकी हे सगळ्यात पश्चिमेचं आणि वयाने सगळ्यात लहान बेट. बेट कसलं, समुद्रातून वर आलेला एकच ज्वालामुखी. मार्च २०२४ मध्येच त्याचा उद्रेक झाला होता. वर माथ्यावर ढग, खाली काळा दगड आणि किनाऱ्याला खारफुटीची हिरवी कड. फर्नांदिनाचं वैशिष्ट्य असं की, माणसाबरोबर इतर बेटांवर पोचलेले उंदीर, मांजरी, बकऱ्या इथे आजवर रुजलेल्या नाहीत. इतक्या मोठ्या आकाराची अशी बेटं जगात फार थोडी उरली आहेत.

म्हणूनच उतरण्याआधीची तयारी एखाद्या ऑपरेशन थिएटरसारखी होती. बूट धुवायचे, बॅगा झटकायच्या, मोज्यांना चिकटलेलं कुसळ उपटून काढायचं. खायची वस्तू न्यायची नाही. माझी मेथीदाण्यांची पुडी तर विमानतळावरच काढून घेतली होती. अम्मीने साखरेच्या त्रासावर म्हणून दिलेली. तेव्हा मला जरा राग आला होता. चार दाण्यांनी काय होणार? आमची गाइड सांता क्रूझ बेटावरची, तिथेच वाढलेली बाई. ती म्हणाली, "इथे जे जे बिघडलं, ते कुणाला तरी चार दाणेच वाटलं होतं." मग मी गप्प बसलो.

रबरी होडीतून आम्ही पुंता एस्पिनोसा नावाच्या टोकावर उतरलो. पायाखाली गोठलेला लाव्हा, दोरखंडाचे वेढे एकावर एक पडावेत तसा सुरकुतलेला. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा दगड परका वाटत नाही. आपला दख्खनचा काळा पाषाणही असाच थरांवर थर साचून तयार झाला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि लाव्ह्याचे असे दोरखंड आपल्याकडेही काही ठिकाणी दिसतात. आपल्याकडे त्यावर माती साचली, झाडं आली, किल्ले उभे राहिले. इथे अजून सुरुवातच आहे. नुसत्या लाव्ह्याच्या फटीतून बोटाएवढे निवडुंग वर आलेले होते. झाड म्हणावं असं एवढंच.

मी दगड बघत चाललो होतो, तोच गाइडने हाताने थांबवलं. समोरचा दगड शिंकला. नीट पाहिलं तर तो दगड नव्हता. शेकडो सागरी इग्वाना एकमेकांच्या अंगावर पाय टाकून उन्हात पडले होते. लाव्ह्याइतकेच काळे. हे जगातले एकमेव सरडे, जे समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात. पोटात गेलेलं जादा मीठ ते नाकावाटे फुर्रकन बाहेर टाकतात. ती शिंक. पायवाटेवरच काही पसरले होते. आम्ही आलो म्हणून एकानेही शेपटी हलवली नाही. शेवटी आम्हीच वळसा घालून गेलो.

पुढे पाणकावळे. पाणकावळा आपण नदीवर, धरणावर नेहमी पाहतो. पण इथल्याला उडता येत नाही. जगात फक्त फर्नांदिना आणि शेजारच्या इझाबेला बेटावर तो सापडतो. पाण्यातून वर येऊन त्याने पंख सुकवायला पसरले, तेव्हा ते एखाद्या फाटक्या छत्रीसारखे दिसले. उडण्यासाठी लागतील त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचे. खायला मासे समोरच, आणि जमिनीवर पळून जावं असं कुणी नाही. मग पिढ्यानपिढ्या पंख आखूड होत गेले. घरट्यावर बसलेल्या मादीसाठी नर चोचीत शेवाळाचा तुकडा घेऊन आला, आमच्यापासून चार पावलांवरून गेला आणि तो तुकडा तिच्यापुढे ठेवला. आम्ही तिथे नसल्यासारखंच.

मग तो प्रसंग घडला ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. समुद्रसिंहाचं एक पिल्लू वाळूत एकटंच पडलं होतं. आई मासे आणायला समुद्रात गेलेली. आम्हाला पाहून ते उठलं आणि फेंगडत फेंगडत थेट माझ्या दहा वर्षांच्या पुतणीकडे आलं. तिच्या बुटाला नाक लावलं. मोठे ओले डोळे, मिशा. पोरीने हात पुढे केला, तशी गाइड शांतपणे म्हणाली, "मागे ये. दोन मीटर."

तिथला नियम आहे, कोणत्याही प्राण्यापासून किमान दोन मीटर दूर राहायचं. प्राणी स्वतः जवळ आला तर माणसाने मागे व्हायचं. पुतणी मागे सरकली, पिल्लू पुढे आलं. ती आणखी मागे सरकली. शेवटी ती रडायलाच लागली. "चाचा, तोच येतोय ना! मी काही नाही केलं!" तिचं म्हणणं मला अगदी रास्त वाटलं. भावालाही वाटलं. तो इंग्रजीत गाइडला म्हणाला, "एकदा हात लावू द्या, लहान आहे." गाइड हसली, पण बधली नाही. आई पिल्लाला आवाजाने आणि वासाने ओळखते, त्याच्या अंगावर आपला वास कशाला ठेवायचा, असं तिने पोरीला गुडघ्यावर बसून समजावलं. मग भावाला म्हणाली, "त्याला माहीत नाही तुम्ही कोण आहात. तुम्हाला माहीत आहे."

हे वाक्य मला त्या दिवसभर पुरलं.

कारण या बेटांवरच्या निर्भयपणाची किंमत इतिहासात मोजली गेली आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात समुद्री लुटारू आणि देवमाशांचे शिकारी इथे येत ते कासवांसाठी. ही राक्षसी कासवं अन्नपाण्यावाचून वर्षभर जिवंत राहू शकतात. म्हणजे जहाजाच्या तळघरात उलटी करून रचून ठेवली की महिनोन् महिने ताजं मांस. पकडायला काही कष्टही नव्हते, कारण ती पळत नव्हती. एक लाखाहून जास्त, काही अंदाजांनुसार दोन लाखांपर्यंत कासवं अशी गेली. १९७० च्या दशकात सगळ्या बेटांवर मिळून पंधरा हजारांच्या आसपास उरली होती. फ्लोरेआना बेटावरची जात तर एकोणिसाव्या शतकातच त्या बेटावरून संपली.

चार्ल्स डार्विन १८३५ च्या सप्टेंबरमध्ये इथे आला आणि पाच आठवडे राहिला. त्याने लिहून ठेवलेला एक प्रयोग मला आता वेगळाच वाटतो. त्याने एका सागरी इग्वानाला पाण्यात लांब फेकलं. तो पोहत सरळ डार्विन उभा होता तिथेच परत आला. पुन्हा फेकलं, पुन्हा परत. डार्विनने अर्थ लावला तो असा की, या प्राण्याला शत्रू माहीत आहेत ते फक्त समुद्रातले, शार्क मासे. जमीन म्हणजे सुरक्षित, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून फेकणारा समोर उभा असला तरी तो जमिनीकडेच धावतो. माणसाची भीती उपजत नसते, ती पिढ्यांच्या अनुभवातून येते, असंही त्याने मांडलं.

म्हणजे आमच्या गल्लीतलं कुत्रं जन्मतः भित्रं नाही. त्याला आम्ही तसं केलं आहे.

न घाबरणाऱ्याला आपण सहसा मूर्ख समजतो. 'भोळा आहे बिचारा' असं म्हणतो आणि त्याचं नुकसान झालं तर दोष त्याच्याच माथी मारतो. अंगावर विश्वासाने चालत आलेल्याने सावध राहायला हवं होतं, असा आपला न्याय. फर्नांदिनावर हा न्याय उलटा केलेला आहे. तिथे सावध राहण्याची जबाबदारी ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्यावर टाकली आहे. इग्वानाने माणूस ओळखायला शिकावं, अशी कुणाची अपेक्षा नाही. माणसाने दोन मीटर मोजायला शिकावं, एवढीच आहे. मला हे फार मोठं वाटतं.

दुपारी जहाजाने समोरची खाडी ओलांडली आणि आम्ही इझाबेला बेटावरच्या टागुस कोव्ह इथे गेलो. दोन्ही बाजूंना ज्वालामुखीच्या राखेचे उभे कडे, मध्ये शांत पाणी. कड्याच्या पायथ्याशी पेंग्विन बसले होते. हो, विषुववृत्तावर पेंग्विन. खोल समुद्रातून थंड प्रवाह वर येतो, म्हणून ते इथे तगले आहेत. संख्या फार थोडी. एल निन्योच्या वर्षी पाणी तापलं, मासे गेले, की ते उपाशी मरतात. १९८२-८३ च्या एल निन्योत चारातले तीन मेले. तेव्हा तिथे कुणी दगड मारायला गेलं नव्हतं. इतक्या लांबूनही आपण त्यांना मारू शकतो, ही गोष्ट दोन मीटरच्या नियमात बसत नाही. त्याकडे येतोच.

टागुस कोव्हच्या कड्यांवर नावं आहेत. जहाजांची नावं, वर्षं, रंगवलेली आणि कोरलेली. सगळ्यात जुनं १८३६ चं. इथे आसऱ्याला थांबलेल्या खलाशांनी दीडशे वर्षं ही सवय पाळली. आता तिथे काही लिहायला सक्त मनाई आहे. ती अक्षरं बघताना मला आमचे किल्ले आठवले. एकेका बुरुजावर बाणासकट बदाम आणि खाली दोन नावं. 'मी इथे आलो होतो' हे दगडाला सांगितल्याशिवाय आपल्याला आल्यासारखं वाटतच नाही. पिल्लाला हात लावायची ओढ आणि दगडावर नाव लिहायची ओढ या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. एक प्रेमातून येते, दुसरी मिजाशीतून, एवढाच फरक.

म्हणून मला वाटतं, नुसतं प्रेम पुरत नाही, नियम लागतो. 'लोकांमध्ये निसर्गाबद्दल प्रेम निर्माण केलं पाहिजे' असं आपल्याकडे प्रत्येक भाषणात ऐकू येतं. माझ्या पुतणीच्या मनात त्या पिल्लाबद्दल प्रेम कमी नव्हतं. पण वर्षाला लाखो माणसं या बेटांवर येतात. प्रत्येकाने प्रेमाने एकदाच हात लावायचा म्हटला तरी त्या किनाऱ्याचं काय होईल? तिथे सोळा माणसांमागे एक परवानाधारक गाइड असतोच, वाट सोडता येत नाही, कोणत्या जहाजाने कोणत्या दिवशी कुठे थांबायचं हे आधीच ठरलेलं असतं. माणसं तेवढी चांगली आहेत म्हणून ही व्यवस्था चालते असं नाही. २०२१ मध्ये तिथल्याच विमानतळावर एका सुटकेसमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कासवाची १८५ पिल्लं सापडली होती. माणसं आपल्यासारखीच आहेत. तपासणी होते, हा फरक आहे.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

खलाशांनी आणि वसाहत करणाऱ्यांनी या बेटांवर बकऱ्या सोडल्या होत्या. त्या वाढल्या आणि कासवांचं रान फस्त करत गेल्या. १९९७ ते २००६ या काळात सांतियागो आणि उत्तर इझाबेला इथल्या १ लाख ४० हजारांहून अधिक बकऱ्या मारल्या गेल्या. बऱ्याचशा हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. शेवटी लपलेल्या बकऱ्या शोधायला रेडिओ पट्टा बांधलेली बकरी सोडायची. ती कळपाला जाऊन मिळाली की कळप मारायचा, तिला मात्र ठेवायचं, पुढचा कळप दाखवायला. रात्री जहाजावर गाइड हे सांगत होती तेव्हा मला जेवण गोड लागेना. बकरी ईदच्या आधी बोकड घरी आणून त्याला चार दिवस हाताने पाला खाऊ घालणाऱ्या घरात मी वाढलो. जीव घेणं मला परकं नाही. पण तिथे कापणाऱ्याला त्या जनावराकडे बघावं लागतं आणि मांस वाटलं जातं. इथे हजारो मढी रानात तशीच पडली. तरी आज त्या डोंगरांवर झाडोरा परत आला आहे, कासवं आहेत. मी गाइडला विचारलं, हे बरोबर होतं का? ती म्हणाली, "बकऱ्यांचा दोष नव्हता. दोष आणणाऱ्यांचा होता, आणि ते कधीच मरून गेले होते." याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. मी असतो तर परवानगी दिली असती का? बहुधा दिली असती. पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट तिथल्या माणसांची. या बेटांवर तीसेक हजार लोक राहतात, एकूण जमिनीच्या तीन टक्क्यांत. उरलेली ९७ टक्के जमीन १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. १९९५ मध्ये समुद्रकाकडी पकडण्यावरच्या बंदीमुळे चिडलेल्या कोळ्यांनी तिथल्या संशोधन केंद्राला वेढा घातला आणि कासवांना इजा करण्याची धमकी दिली. रागावलेला माणूस नेमका त्या जिवावर हात उगारतो, ज्याच्यापुढे आपण कमी किमतीचे आहोत असं त्याला वाटतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मला कोळ्यांचा तो राग कळतो. 'नियम सगळे आमच्यासाठी आणि फिरायला येणार डॉलरवाले' ही तक्रार खोटी नाही. आमच्या गाइडचे आजोबा मच्छीमार होते. आता तिचं घर याच परवान्यावर चालतं. जिथे नियमाने लोकांना काम दिलं, तिथे तो टिकला. जिथे नुसता काढून घेतला, तिथे दगड उचलले गेले.

आणि आम्ही डॉलरवाले? परदेशी पाहुण्याला बेटावर पाय ठेवायचे २०० डॉलर पडतात. ऑगस्ट २०२४ च्या आधी ते १०० होते. तो पैसा मला जास्त वाटत नाही. खरा हिशेब वेगळाच आहे. मी मुंबईहून अर्धी पृथ्वी ओलांडून विमानाने गेलो, मग डिझेलच्या जहाजाने फिरलो आणि पाणी तापल्यामुळे मरणारे पेंग्विन बघून हळहळलो. दोन मीटरचा नियम पाळला, पण दहा हजार मैलांवरून केलेल्या नुकसानीला कुठला गाइड थांबवणार? हा प्रश्न मी सोडवलेला नाही. पुन्हा मात्र जाणार नाही, हे ठरवलं आहे. आणि जो जाईल त्याला 'जाऊ नकोस' म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

आपल्या देशालाही ज्वालामुखीची बेटं आहेत. अंदमानच्या समुद्रात बॅरन हा जिवंत ज्वालामुखी, आणि त्याच्या उत्तरेला नार्कोंडम, जिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेही नाही. नार्कोंडमवरही पोलीस चौकीसाठी बकऱ्या नेल्या गेल्या होत्या आणि पुढे त्या हटवाव्या लागल्या. म्हणजे चूक करायला आपल्याला गॅलापागोसला जावं लागत नाही. अशा बेटांभोवती उद्या पर्यटनाची जहाजं फिरणार असतील तर माझं म्हणणं एवढंच आहे की, धक्का आणि हॉटेल बांधायच्या आधी नियम लिहा, आणि तो नियम किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती द्या. नंतर लिहिलेला नियम बंदुकीनेच अमलात आणावा लागतो.

फर्नांदिनावरची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिथल्या कासवांची जात १९०६ मध्ये एकच नर सापडल्यानंतर कुणाला दिसली नव्हती. संपली असंच धरलं होतं. २०१९ मध्ये त्याच लाव्ह्याच्या पसाऱ्यात, हिरवळीच्या एका तुकड्यात एक म्हातारी मादी सापडली. ती त्याच जातीची आहे हे पुढे तपासणीत सिद्ध झालं. तिचा जोडीदार अजून मिळालेला नाही. शोध चालू आहे. शंभराहून अधिक वर्षं तिथे कुणी तिची वाट अडवली नाही, म्हणून ती होती.

त्या रात्री डेकवर पुतणी माझ्याजवळ येऊन बसली. फर्नांदिनाचा काळा आकार लांब अंधारात जेमतेम दिसत होता.

"चाचा, त्याला मी आवडले होते का?"

"ते नाही सांगता येणार," मी म्हटलं. "पण तो तुला घाबरला नव्हता."

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग ठीक आहे."

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत बुटाची नाडी बांधायला वाकलो. कुत्रं पळालं. मी तसाच बसून राहिलो, बराच वेळ. ते कोपऱ्यावर थांबून बघत होतं. जवळ काही आलं नाही.